गिरणी बंद पडली, बाजार हलला

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विझत गेला आणि लाखावर कामगारांना गिरणीचे फाटक पुन्हा उघडले नाही. त्याच सुमारास खाडीपलीकडे, वाशीजवळ तुर्भ्याला, कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार नव्या जागेत बस्तान बसवत होता आणि मशीद बंदरच्या गल्ल्यांत पोती वाहणारे हमाल कामासाठी खाडी ओलांडू लागले होते. गिरणगावातला साचेवाला आणि बंदरावरचा हमाल एकाच मातीतले. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे जिल्ह्याचा घाटमाथा आणि कोकण हे दोघांचे गाव. गावाकडे पोटापुरतीही न पिकणारी कोरडवाहू जमीन, मुंबईत एका खोलीत दाटीवाटीने राहणारे दहा-पंधरा गडी आणि खानावळीचा डबा. शिक्षण जेमतेम. गिरणीवाल्याला तर हमालापेक्षा मान अधिक होता, पगार पक्का होता आणि सोयरीक जमवताना त्याचे नाव आधी निघे. तरीही पुढच्या वीस वर्षांत त्याचे घर मोडले आणि हमालाचे घर नवी मुंबईत उभे राहिले. हे असे का झाले, याचे उत्तर गरिबीविषयीच्या आपल्या चर्चेत पुरेसे आलेले नाही.

आर्थिक धक्का बसला किंवा सरकारने धोरण बदलले की गरिबांचे काय होते, यावर जगभर दोन ठरलेली मते आहेत. सुधारणांनी वाढ होते आणि वाढीने गरिबी हटते, असे एक मत; सुधारणांचा वरवंटा आधी गरिबावरच फिरतो, असे दुसरे. दोन्ही मते धक्क्याकडे पाहतात, धक्का सोसणाऱ्याच्या हातात त्या क्षणी काय होते याकडे पाहत नाहीत. नवी मुंबईचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास त्या दुसऱ्या बाजूने वाचला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. कामगाराचा हक्क एका मालकाला बांधलेला असेल, तर मालक बुडताच हक्कही बुडतो. तो हक्क कामाला बांधलेला असेल, तर काम जिथे जाईल तिथे हक्कही जातो. गरिबीचा निकाल पुष्कळदा या गाठीवर लागतो. धक्का किती मोठा, हा प्रश्न त्यानंतरचा.

1969 पूर्वीच्या हमालाला मालक असा नव्हताच. दाणाबंदरात किंवा मशीद बंदरात ट्रक लागला की मुकादम टोळी घेऊन यायचा. शंभर-शंभर किलोचे पोते, हातात लोखंडी आकडा, पाठीवर गोणपाट आणि गोदामाच्या फळीवरून चढण. दिवसभरात एकच टोळी पाच-सात व्यापाऱ्यांचा माल उतरवायची. त्यामुळे हा आमचा कामगार नव्हे, असे प्रत्येक व्यापारी म्हणू शकत होता, आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबरही होते. कारखाने अधिनियम, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा या सगळ्यांची सुरुवात मालक कोण या प्रश्नाने होई. ज्याला रोज पाच मालक त्याला यांतले काहीच लागू नव्हते. मजुरी पोत्यामागे ठरे, मुकादमाच्या हातातून मिळे आणि किती पोती झाली याचा हिशेब मुकादमाच्याच वहीत असे. फळीवरून पाय घसरून कंबर मोडली, तर त्या गड्याला गावाची वाट धरावी लागे. शेतातल्या दुष्काळाने शहरात आलेला माणूस अपघाताने पुन्हा त्याच शेतात परतत होता.

या प्रश्नावर मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली. पाटण तालुक्यातून मुंबईत आलेल्या आणि स्वतः ओझी वाहिलेल्या या माणसाला एक गोष्ट कळली होती: एकाच व्यापाऱ्याकडून कायम नोकरी मागण्यात अर्थ नाही, कारण धंद्याची घडणच तशी नाही. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत 1950 च्या दशकापासून हाच प्रश्न मांडत होती. गोदी कामगारांसाठी केंद्राने 1948 मध्ये केलेला कायदा समोर होता. जहाजे अनेक कंपन्यांची, कामगार मात्र एका मंडळाचे, अशी त्याची रचना. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला, तो याच धर्तीवर. व्यापारी, कामगार आणि सरकार या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, कामगारानेही करायची. टोळीने महिनाभर जो माल चढवला-उतरवला त्याची मजुरी व्यापारी मंडळाकडे भरतो आणि त्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा आणि दवाखाना हे सारे लेव्हीतून होते. किराणा, कापड, लोखंड, भाजीपाला, मालवाहतूक अशी धंद्यानुसार मंडळे निघाली. पोत्यामागे मजुरी घेणाऱ्याच्या नावावर पुंजी साठू लागली आणि त्यासाठी त्याला कोणा एका शेठचा नोकर व्हावे लागले नाही. कायद्याची सारी ताकद या एवढ्या तरतुदीत आहे.

आता गिरणीकडे पाहू. गिरणी कामगाराला भविष्यनिर्वाह निधी होता, कामगार विमा होता, 1972 नंतर उपदानही होते. कागदावर त्याचे संरक्षण हमालापेक्षा जुने आणि भक्कम. पण ते सगळे एका गिरणीच्या हजेरीपटाला टांगलेले होते. पटावरून नाव गेले की विम्याचा दवाखाना बंद, आणि गिरणीच आजारी ठरली की देणी वर्षानुवर्षे अडकलेली. बदली कामगारांची अवस्था त्याहून वाईट. रोज पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापडधंद्यात एकाच संघटनेला बोलण्याचा अधिकार दिला होता, आणि बहुसंख्य कामगारांचा विश्वास त्या राष्ट्रीय मिल मजदूर संघावर उरलेला नव्हता. त्यामुळे वाटाघाटीचे दारही नीट उघडले नाही. गिरण्यांची जमीन कापडापेक्षा मोलाची झाली आणि 1991 च्या विकास नियमावलीने ती विकण्याची वाटही मोकळी केली. कापूस पिंजण्यापासून साचा चालवण्यापर्यंतचे कसब हातात असलेला माणूस रखवालदारी, हातगाडी किंवा गाव यांतून निवड करू लागला. गिरण्यांच्या जमिनीवरची घरे म्हाडाच्या सोडतीतून पहिल्यांदा वाटली गेली ती 2012 मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी.

बाजार हलवण्याचे धोरणही कमी हादरवणारे नव्हते. मुंबईच्या दक्षिण टोकाला घाऊक व्यापार ठेवला तर ट्रकांनी शहर तुंबते, म्हणून सिडकोने आखलेल्या नव्या शहरात तो न्यायचा, असा निर्णय. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती 1977 मध्ये स्थापन झाली आणि कांदा-बटाट्यापाठोपाठ दाणा, मसाला आणि शेवटी 1996 मध्ये भाजी व फळांचा बाजार भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट सोडून इकडे आला. व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. खाडीवरचा पूल 1973 चा होता, पण मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली 1992 मध्ये. म्हणजे पहिली काही वर्षे हमालाला डोंगरी-मशीदच्या खोलीतून बसने पूल ओलांडून पहाटेच्या आवकेला हजर राहावे लागे. जागा बदलली म्हणून धंदा उठणे ही हातावर पोट असलेल्यांची नेहमीची कहाणी असते. बाजाराच्या आधाराने जगणारे चहावाले, हातगाडीवाले, किरकोळ मजूर यांच्यातले किती जण मागे राहिले याची नोंद कोणी ठेवली नाही. नोंद असलेला माथाडी मात्र टोळीसकट आला. त्याचा नंबर, त्याच्या सेवेची वर्षे, त्याचा निधी मंडळाकडे होता, आणि व्यापाऱ्याच्या गाळ्याचा पत्ता बदलल्याने त्यात काही फरक पडला नाही. शिवाय ज्या शहराने बाजार बोलावला, त्याच शहरात त्याला घरही मिळाले. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ या नोडांत माथाडींच्या वसाहती झाल्या. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, त्यांतले बरेचसे बेकायदा. पण वरची खोली भाड्याने देऊन म्हातारपणी चूल पेटती ठेवणारी कुटुंबे त्यातूनच उभी राहिली. पहिल्या पिढीने पाठीवर पोती वाहिली आणि दुसरी पिढी वाशीच्या कॉलेजात गेली, ती या निधीच्या आणि या छपराच्या जोरावर.

बाजारापासून हाकेच्या अंतरावर याच काळात तिसरी कहाणी घडत होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात 1960 च्या दशकापासून रसायनांचे मोठे कारखाने आले. नोसिलचा नाफ्था क्रॅकर 1968 चा, देशातल्या पहिल्या एक-दोघांपैकी. 1991 च्या परकीय चलनाच्या संकटानंतर आयात शुल्काची कमाल मर्यादा जुलैत 150 टक्क्यांवर आणली गेली आणि 2007 पर्यंत ती 10 टक्क्यांपर्यंत उतरली. लहान क्षमतेच्या, संरक्षित बाजारासाठी बांधलेल्या कारखान्यांना आयात मालाची स्पर्धा पेलली नाही. पट्ट्यातले एकेक फाटक बंद होत गेले आणि त्या जागांवर काचेच्या इमारती आल्या. नोकऱ्यांची एकूण संख्या घटली असे म्हणता येणार नाही. नव्या इमारतींत माणसे लागलीच. पण कारखान्यातून बाहेर पडलेला फिटर त्या इमारतीत शिरू शकला नाही. त्याच्या मुलाला तिथे काम मिळाले असेल, तर ते बहुधा कंत्राटदाराच्या हाताखालचे. गिरणीचे दुखणे इथे दुसऱ्या नावाने परत आले.

यावर अभ्यासकांचा एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पेटिया टोपालोव्हा यांनी 1987-88 आणि 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे भारतातल्या जिल्ह्यांची तुलना केली. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील उद्योगांवर शुल्ककपातीचा मारा जास्त, तिथे गरिबी इतर जिल्ह्यांपेक्षा मंद गतीने घटली, असे त्यांना आढळले. आणि हा परिणाम जिथे कामगार कायदे ताठर होते त्या राज्यांत अधिक तीव्र होता, कारण माणसे आणि भांडवल एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात सहज जाऊ शकली नाहीत. मग माथाडी कायदा हाही ताठर कायद्यांपैकीच नाही का? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. मालकाला कामगार काढण्यापासून रोखणारा कायदा आणि कामगाराला कुठेही काम करू देऊन त्याची पुंजी सोबत ठेवणारा कायदा, हे दोन वेगळे प्राणी आहेत. माथाडी कायद्यात कोणत्याही व्यापाऱ्यावर कोणाला कायम ठेवण्याची सक्ती नाही. माल आला तर मजुरी, नाही आला तर नाही. लेव्ही फक्त झालेल्या कामावर. टोपालोव्हा यांचा अभ्यास सांगतो की हलू न शकणारा गरीब सर्वात जास्त भरडला जातो. तसे असेल, तर हक्क घेऊन हलता येण्याची सोय हा त्या दुखण्यावरचा उपायच ठरतो.

दुसरा आक्षेप असा की ही तुलनाच अन्यायाची आहे: कापडधंदा उतरत होता, घाऊक व्यापार वाढत होता, म्हणून एक बुडाला आणि एक तरला. यात तथ्य आहे. वाढत्या मालाच्या आवकेशिवाय लेव्हीचा निधी भरला नसता. पण वाढत्या धंद्यातले सगळेच कष्टकरी तरत नाहीत, हेही त्याच शहरात दिसते. नवी मुंबई उभारणारे बांधकाम मजूर देशातल्या सर्वात वेगाने वाढणाऱ्या धंद्यांपैकी एकात राबत होते. इमारत पूर्ण झाली की त्यांचा तांडा पुढच्या भूखंडावर गेला आणि बहुतेकांच्या नावावर काही जमले नाही. वाढीने काम दिले, पण पुंजी साठवण्यासाठी नोंद लागली. अर्जुन सेनगुप्ता आयोगाने 2007 मध्ये दाखवून दिले की देशातली 77 टक्के लोकसंख्या दिवसाला 20 रुपयांपेक्षा कमी खर्चावर जगत होती आणि त्यातले बहुतेक जण असंघटित कामावर अवलंबून होते. ही अवस्था वाढ थांबल्याच्या काळातली नव्हे. अर्थव्यवस्था जोमात असतानाची आहे.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वात जड आहे. हमाली, तोलाई, वाराई शेवटी शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापली जाते. मग माथाडीचे कल्याण कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून होते काय? 2024 च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव याच कपातीच्या आणि लेव्हीच्या वादावर बंद पडले होते. लेव्ही खरेदीदाराने, व्यापाऱ्याने भरायची आहे. ती पट्टीतून वळती होत असेल तर ती बाजार समितीच्या देखरेखीची हार आहे, आणि ती दुरुस्त झालीच पाहिजे. बोगस माथाडींच्या नावाखाली काम न करता पैसे उकळण्याचे प्रकारही घडले आहेत. त्यांना पाठीशी घालणारा खऱ्या माथाडीचा शत्रू आहे. नोंदणीचे दार नात्यागोत्यापुरते अरुंद झाले असेल, तर तेही उघडायला हवे. पण दुरुस्तीची गरज आहे म्हणून मुळातली रचना मोडायची, हे शहाणपण नाही. पोते वाहणारा आणि कांदा पिकवणारा हे बहुधा एकाच घरातले दोन भाऊ आहेत, आणि एकाचा निधी काढून घेतल्याने दुसऱ्याच्या पट्टीत चार पैसे वाढतीलच, याची हमी कोणीही दिलेली नाही.

गेल्या दहा वर्षांत या रचनेची कसोटी लागली. जुलै 2016 मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला हवे तिथे विकता यावे, हा हेतू रास्त होता. पण समितीच्या फाटकाबाहेर उतरणाऱ्या मालाला टोळीची नोंद लागत नाही, म्हणून फाटकाबाहेरच्या प्रत्येक ट्रकागणिक मंडळाचा पाया थोडा खचतो. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. रोज सकाळी नाक्यावर उभा राहून रोखीने मजुरी घेणाऱ्याचे काम आणि पैसा दोन्ही एकदम आटले. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये नियमनमुक्ती वाढवणारे विधेयक माथाडी आणि व्यापाऱ्यांच्या बंदनंतर सरकारने मागे घेतले. मे 2020 मध्ये करोनामुळे वाशीचा बाजार आठवडाभर पूर्ण बंद राहिला. या सगळ्यांतून एकच मर्यादा पुढे येते. माथाडीचा हक्क मालकापासून सुटला, पण तो अजून अधिसूचित धंदा आणि ठरलेले क्षेत्र यांना बांधलेला आहे. काम भिवंडीच्या गोदामात किंवा ऑनलाइन मालाच्या ट्रकात गेले की तो सहजासहजी सोबत जात नाही. 1969 मध्ये गाठ एका ठिकाणी सोडली. पुढची गाठ सोडायचे काम आपण लांबवत राहिलो.

हे काम अशक्य नाही. महाराष्ट्राने 1981 मध्ये याच साच्यावर खासगी सुरक्षारक्षकांचा कायदा केला आणि मंडळे चालवली. 2008 मध्ये घरेलू कामगारांचे मंडळ केले, तेव्हा मात्र घरकाम करून घेणाऱ्यावर लेव्ही ठेवली नाही. ते मंडळ सरकारी अनुदानाच्या आशेवर राहिले आणि कधी बाळसे धरू शकले नाही. दोन्हींतला फरक पुरेसा बोलका आहे: ज्याच्यासाठी काम होते त्याने कामाच्या प्रमाणात भरायचे, हा भाग गाळला की उरते ती फक्त ओळखपत्रांची योजना. राजस्थानने 2023 मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेणारा कायदा केला, तेव्हा तो महाराष्ट्राच्या हमालांनीच चोपन्न वर्षांपूर्वी मिळवलेल्या तत्त्वावर चालत होता. सुधारणा होणार, शुल्के उतरणार, बाजार हलणार, यंत्रे येणार. ते थोपवण्यात कष्टकऱ्यांचे हित आहे असे मला वाटत नाही. पण प्रत्येक सुधारणेच्या मसुद्यात, ज्यांचे काम तिने हलणार आहे त्यांचा निधी, विमा आणि सेवेची वर्षे कशी सोबत जातील याचे कलम असलेच पाहिजे, आणि ते सुधारणेच्या पहिल्या दिवसापासून लागू झाले पाहिजे. गिरणी कामगारांना घरांसाठी तीस वर्षे थांबावे लागले. भरपाई नंतर देऊ, असे सांगणाऱ्या धोरणाची एवढी मोठी किंमत या राज्याने एकदा मोजली आहे. ती पुन्हा कोणाकडून वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.